इरुकटोल्याची चिठ्ठी

चौथं पाकीट बाजीरावकाकांनी फोडलं आणि आतला कागद माझ्या हातात दिला. सहा हजार नऊशे.

"झालं?" मागून कुणीतरी विचारलं.

"झालं," मी म्हणाले. "चारही आपल्या आकड्याच्या खाली आहेत. लिलाव रद्द."

गावाच्या सभा जिथे भरतात त्या गोटुलाच्या अंगणात बारा गावांची अडीचशे माणसं बसली होती. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चार ठेकेदार होते. त्यांतले बिसेन शेठ आधी उठले, रुमालाने मान पुसत माझ्याजवळ आले.

"बाई, एप्रिलची सव्वीस तारीख आहे," ते म्हणाले. "पान काय तुमच्यासाठी झाडावर थांबून रायते का? दहा-बारा दिवसांत राठ होते. मग तुमी मले फोन करान, अन् मी चार हजार सांगीन."

चारही गाड्या एकामागून एक निघून गेल्या.

बिडी वळायचं तेंदूचं पान हेच आमच्या बारा गावांचं वर्षातलं एकमेव रोख पीक. मे महिन्यात पंधरा दिवस घरातली लहानमोठी सगळी माणसं पहाटे जंगलात जातात, पान तोडतात, दुपारी सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात. हजार पुड्यांची एक गोणी, आणि भाव गोणीला. पूर्वी ही विक्री सरकार करायचं. जंगलाचा हक्क मिळाल्यावर ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. आमच्या बारा गावांनी एकत्र लिलाव करायचं ठरवलं. बाजीराव हिचामी अध्यक्ष झाले आणि मी सचिव, कारण बारा गावांत गणित घेऊन पदवीपर्यंत गेलेली मी एकटीच होते. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते.

आदल्या वर्षी आम्ही फसलो होतो. याच्या खाली द्यायचं नाही, असा एक गुप्त आकडा तीन प्रमुखांनी ठरवला होता. लिलावात चारही पाकिटं त्या आकड्याच्या वर दहा-वीस रुपयांत निघाली. तिघांपैकी कुणीतरी आकडा विकला होता. कोणी, ते कधीच कळलं नाही. त्या वर्षात आमच्याकडे लग्नांत माणसं एकमेकांच्या पंगतीला बसेनाशी झाली.

म्हणून मी नवी रीत काढली. कॉलेजातल्या माझ्या बाईंनी एकदा असलं काहीतरी शिकवलं होतं, ते वहीतून शोधून काढलं. गेल्या वर्षीचं पुन्हा होणार नाही असं काहीतरी सगळ्यांनाच हवं होतं, त्यामुळे लोकांनी मन लावून ऐकलं.

"प्रत्येक गावाने आपल्याला परवडणारा कमीत कमी भाव चिठ्ठीवर लिहायचा," मी सांगितलं होतं. "खरा लिहायचा. चिठ्ठीवर गावाचं नाव नाही. लिलावाच्या दिवशी सगळ्यांसमोर बारा चिठ्ठ्या उघडायच्या नाहीत, फक्त मी आणि काकांनी बघायच्या. एक चिठ्ठी बाजूला ठेवायची, उरलेल्या अकरांतला मधला आकडा घ्यायचा आणि खालच्या पूर्ण हजारावर आणायचा. मग ती परत ठेवून दुसरी बाजूला काढायची. असं बारा वेळा. बाराही वेळा तोच हजार आला तर तोच आपला आकडा."

"आणि एखादं गाव फुटलं असलं तर?" बाजीरावकाकांनी विचारलं होतं.

"तर त्याची चिठ्ठी काढली काय, ठेवली काय, आकडा हलत नाही. आपला आकडा कुणा एकाच्या हातात राहत नाही. कुणाला तो आधी माहीत नसतो, म्हणून विकताही येत नाही. आणि ज्या ठेकेदाराचं पाकीट आकड्याच्या वर आणि सगळ्यांत जास्त, त्याने आपल्या आकड्यानेच पान उचलायचं, स्वतः लिहिलेल्या भावाने नाही. म्हणजे त्यालाही खोटं लिहून काही मिळत नाही."

"याला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात?"

"एकमत," मी म्हणाले होते.

काका थोडे हसले होते. आमच्याकडे एकमत म्हणजे वेगळं. एक माणूस जरी नाही म्हणाला तरी सगळे परत बसतात, त्याचं ऐकतात, दोन दिवस लागले तर दोन दिवस. पण आदल्या वर्षीच्या अनुभवाने त्यांनाही माझी रीत पटली.

त्या सव्वीस तारखेला बाराही वेळा आठ हजारच आले. रीत चालली होती. पान मात्र विकलं गेलं नव्हतं.

गाड्यांची धूळ बसायच्या आत तोंडेगावचा मल्लू पोटावी उभा राहिला. तापट माणूस, पण त्याच्या गावात त्याचा शब्द चालायचा.

"चिठ्ठ्या उघडा," तो म्हणाला. "एवढा मोठा आकडा कुणी लिहिला, ते बघू द्या. पोरांच्या तोंडचा घास गेला."

"उघडायच्या नाहीत असं ठरलंय," मी म्हणाले.

"ठरवणारे आम्हीच ना? मग आम्हीच मोडतो."

सगळीकडून हो हो झालं. काकांनी भोपळ्याच्या तुंब्यातल्या चिठ्ठ्या चटईवर ओतल्या आणि एकेक वाचू लागले. आठ हजार चारशे. नऊ हजार. साडेसात. आठ हजार दोनशे. दहा हजार. नववी चिठ्ठी त्यांनी उघडली, मघाशी नुसता आकडा पाहिला होता, आता डोळ्यांजवळ नेली, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तीन हजार," ते म्हणाले.

एकदम गलका उठला. तीन हजार कोण लिहील? बिसेनने सुद्धा सहा हजार नऊशे लिहिले होते!

"ती आमची."

पेंटीबाई उसेंडी उभ्या राहिल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना पेंटीआत्या म्हणायचो. साठीच्या पुढच्या, वाळक्या, ताठ. इरुकटोला हे त्यांचं गाव बारांत सगळ्यांत लहान. डोंगरापलीकडे, नाल्याच्या पल्याड, सात घरांचं.

"तीन हजार आम्ही लिहिलं," त्या म्हणाल्या. "आम्हाला तेवढ्यात भागतं. खरं लिहा म्हणाले, खरं लिहिलं."

"परवा बिसेनची जीप तुमच्या वाटेला उभी होती," मल्लू ओरडला. "आमच्या माणसांनी पाहिली."

"पाणी मागायला थांबला होता. पाणी दिलं."

"पाण्याचे किती मिळाले?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. मी चिठ्ठ्या गोळा करत होते. एक उडून चटईखाली गेली होती, ती काढायला मी वाकले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिले. मान वर केली तेव्हा इरुकटोल्याची माणसं उठून चालू लागली होती.

दोन दिवसांनी अकरा गावं बसली. इरुकटोल्याला निरोप गेला नव्हता. पुढच्या लिलावात त्यांची चिठ्ठी घ्यायची नाही, त्यांचं पान आपल्या पानात धरायचं नाही, असं ठरलं. इतिवृत्ताच्या वहीत मी माझ्या हाताने लिहिलं : ठराव एकमताने मंजूर.

त्याच दुपारी पेंटीआत्या माझ्या दारात आल्या. चौदा किलोमीटर चालून आल्या होत्या; ठरावाचं त्यांना वाटेतच कळलं होतं. मी पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही.

"तू सांगितलं का नाहीस?" त्यांनी विचारलं.

मी तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"मला लिहिता येत नाही. टोल्यात कुणालाच येत नाही. म्हणून मी तुझ्याकडे आले. तू म्हणालीस, आत्या, आठ लिहू का? मी म्हटलं, नको, खरं लिही. तू विचारलंस, एवढं कमी का? मी सांगितलं ना तुला?"

सांगितलं होतं. मार्चमधल्या वणव्यात त्यांच्या बाजूची मोहाची सगळी झाडं होरपळली होती. ऐन फुलाच्या दिवसांत. वेचायला एक फूल मिळालं नव्हतं. मोह विकून ते पावसाळ्याचा तांदूळ भरायचे. जूनमध्ये नाला चढला की तीन महिने इरुकटोला तुटतो. तेंदूचा पैसा मेमध्ये हातात पडला नाही तर सात घरांना तीन महिने खायला नव्हतं. म्हणून त्यांना भाव नको होता. लिलाव मोडायला नको होता. हे सगळं माझ्या ओसरीवर बसून त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी तीन हजार लिहून चिठ्ठी घडी करून त्यांच्या हातात दिली होती. लिहितानाच मला माहीत होतं, की ही चिठ्ठी माझ्या रीतीत कुठेच लागणार नाही. फुटलेल्या गावासाठी मी जी फट बुजवली होती, तिच्यातच ही बाई अडकणार होती. तरी मी घडी घातली.

"आत्या, मी एक चिठ्ठी आधी पाहिली होती, हे आता कळलं तर अकरा गावांचा आकड्यावरचा विश्वास उडेल," मी म्हणाले. "तिकडून, करीमनगरच्या बाजूचा एक नवा ठेकेदार यायला तयार झालाय. चार तारखेला लिलाव आहे. तो होऊ दे. त्याच संध्याकाळी मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगते."

"तोवर आमचं पान?"

"तुमचं पान मी धरायला लावते."

"नक्की?"

"नक्की."

आत्या उठल्या. "तू शिकलेली आहेस," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांचा खरोखरच माझ्यावर भरवसा होता.

चार मेला नव्या ठेकेदाराने आठ हजार तीनशे लिहिले. अकरा चिठ्ठ्यांतून आमचा आकडा पुन्हा आठ हजारच निघाला होता. पान विकलं गेलं. माणसांनी मला अक्षरशः उचललं. मल्लूने माझ्या पाठीवर थाप मारली. ढोल निघाले. मी दोनदा बोलायला उभी राहिले आणि दोन्ही वेळा लोकांना वाटलं, आभार मानायला उठले, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा मी उठले नाही. करारावर अकरा गावांची नावं होती. मी स्वतःला सांगितलं, उद्या ठेकेदाराला भेटून बारावं घालून घेऊ.

ठेकेदार म्हणाला, "गाडी डोंगरापलीकडे जात नाही. आणि तुमच्याच ठरावात ते गाव नाही. उद्या तुमची माणसं पान मोजून घेणाऱ्या माझ्या मुनशीला मारतील."

नऊ मेला इरुकटोल्याची माणसं डोक्यावर पान घेऊन आमच्या फळीवर आली. फळी म्हणजे पुडे मोजून घ्यायची जागा. चौदा किलोमीटर, डोंगर उतरून, उन्हात. पुढे पेंटीआत्या, त्यांच्या मागे सोमारी नावाची तरुण विधवा, पाठीला दीड वर्षाची मुलगी बांधलेली, डोक्यावर दोनशे पुड्यांचा भारा. मुनशीने यादी पाहिली.

"नाव नाही."

"लिहून घे," आत्या म्हणाल्या. "ही सांगेल." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मल्लू तिथेच होता. तोंडेगावची तीस-चाळीस माणसं होती. मुनशी माझ्याकडे बघत थांबला. माझ्या हातात हजेरीचं रजिस्टर होतं. मी म्हणाले, "आज यांचं मोजून घ्या, बाकी मी बघते," आणि माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"कुणाचं मोजून घ्या?" मल्लूने विचारलं. "विकलेल्या गावाचं? मग आमचं मोजू नका. उचला रे भारे!"

माणसं खरोखरच भारे उचलू लागली. अकरा गावांचा करार माझ्या डोळ्यांसमोर मोडत होता. तेव्हा मी तोंड उघडलं असतं, एवढंच म्हटलं असतं की ती चिठ्ठी माझ्या हातची आहे, तर काय झालं असतं, याचा विचार मी गेली कित्येक वर्षं करते आहे. कदाचित करार मोडला असता. कदाचित काहीच झालं नसतं.

मी म्हणाले, "आत्या, आज परत जा."

सोमारीने डोक्यावरचा भारा तिथेच टाकला. आत्यांनी तो उचलून आपल्या भाऱ्यावर ठेवला आणि मागे न बघता चालू लागल्या.

बिसेन शेठकडेही त्या गेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. सात घरांच्या पानासाठी गाडीचं डिझेलसुद्धा निघत नाही, असं त्याने सांगितलं. सतरा मेला गारपीट झाली. इरुकटोल्याच्या अंगणात वाळत घातलेलं पान भिजलं, काळं पडलं. मी दोन पोती तांदूळ घेऊन गेले. घरोघर दारं लोटून घेतली. पोती मी आत्यांच्या ओसरीवर ठेवून आले. मग नाला चढला.

भाद्रपदात पाणी ओसरल्यावर बातमी आली. इरुकटोला रिकामा होता. नाला थोडा उतरताच सातही घरं तेलंगणात मजुरीला निघून गेली होती. सोमारीची मुलगी जुलैत तापाने गेली होती. नाल्याला पाणी होतं, दवाखान्यात नेता आलं नव्हतं. मुलीच्या अंगावर मांस नव्हतं, असं सांगणारा म्हणाला.

दसऱ्यानंतरच्या बारा गावांच्या इलाका सभेत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाजीरावकाका खाली बघत म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझं अक्षर मी ओळखतो. मला वाटलं, सांगायचं ते तू सांगशील."

मल्लू उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. सभा दोन दिवस बसली. ठरलं, की प्रत्येक घराने पायलीभर तांदूळ काढायचा, इरुकटोल्याला परत आणायचं, आणि आणायला मी जायचं.

जानेवारीत मी त्यांना शोधून काढलं. गोदावरीपलीकडे मिरचीच्या शेतात होते. मिरचीच्या ठसक्याने मैलभर आधीपासून खोकला येत होता. पेंटीआत्या ताडपत्रीच्या पालाबाहेर मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. बोटं सुजून लाल झालेली. मला पाहून त्यांनी शेजारचं पोतं सरकवलं.

"बस. जेवलीस का?"

मी सांगितलं, सभेत काय बोलले, काय ठरलं ते. मल्लूने हात जोडून निरोप पाठवलाय, हेही सांगितलं. मग म्हणाले, "आत्या, मला माफ करा आणि परत चला."

"माफ मी एकटी कशी करू?" त्या म्हणाल्या. "सात घरं आहेत. विचारावं लागेल."

संध्याकाळी काम सुटल्यावर सात घरांची माणसं शेताच्या बांधावर बसली. मी लांब पालाजवळ थांबले. मला ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. कुणी हात हलवून बोलत होतं, मग शांतता, मग दुसरं कुणी. सोमारी कडेला गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. ती दोनच शब्द बोलली असेल. त्यानंतर कुणी बोललं नाही.

आत्या परत आल्या.

"सहा घरं हो म्हणतात. सोमारी नाही म्हणते."

"मग?"

"मग नाही."

"पण आत्या, सहा घरं... सोमारीला सोडून बाकीचे तरी..."

माझं वाक्य मला ऐकू आलं आणि मी थांबले. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या नजरेत. एखादं मूल चालायला शिकताना पडतं, तेव्हा मोठी माणसं बघतात तसं बघितलं.

"पुढच्या वर्षी ये," त्या म्हणाल्या. "आम्ही परत बसू."

मी पुढच्या वर्षी गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही गेले. ते बांधावर बसायचे, मी लांब थांबायची, आत्या येऊन सांगायच्या, "नाही." मग आम्ही सगळे एकत्र जेवायचो. सोमारी माझ्या ताटात वाढायची, बोलायची नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात पेंटीआत्या तिकडेच वारल्या. चौथ्या जानेवारीत मी गेले तेव्हा निरोप सांगायला सोमारीच आली.

"येतो," एवढंच ती म्हणाली.

तोवर तीन घरं तिकडेच कायमची राहिली होती. चार परत आली. त्या मे महिन्यात इरुकटोल्याच्या नाल्याअलीकडे पहिल्यांदा वेगळी फळी उघडली आणि मी घराघरातल्या माणसांची यादी करायला बसले. सोमारीचा नंबर आला.

"घरात माणसं किती?" मी विचारलं.

"दोन."

तिचा नवा नवरा होता, ते मला माहीत होतं. मी एक तिचं आणि एक त्याचं नाव लिहू लागले.

"त्याला नको लिहू. तो त्याच्या गावच्या यादीत आहे," ती म्हणाली. "मी आणि बुधरी."

बुधरी तिची गेलेली मुलगी. मुनशी काहीतरी बोलायला गेला. मी त्याला हाताने थांबवलं आणि लिहिलं : सोमारी उसेंडी. बुधरी उसेंडी. वय विचारलं. सोमारीने बोटांवर मोजलं, आज ती किती वर्षांची असती ते.

"साडेपाच," ती म्हणाली.